मोटारहोम कलली कुठे, हलते का?

तव्यावरचं धिरडं एका कडेला पापडासारखं पातळ आणि दुसऱ्या कडेला थालीपिठाएवढं जाड झालं, तेव्हा आई म्हणाली, "अरे, तुझी गाडी कललीय." अमेरिकेत, ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाबाहेर आम्ही भाड्याची मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, लावून बसलो होतो. हिवाळ्यात इथल्या सरकारी वाळवंटी जमिनीवर मोटारहोमांची अख्खी वस्ती उभी राहते. नजरेला जमीन परातीसारखी सपाट, म्हणून मी आईचं बोलणं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी फ्रीजरमधल्या आइस्क्रीमचं पाणी झालं आणि हसू मावळलं.

गाडी कलल्याने फ्रिज का बंद पडावा? कारण बऱ्याच मोटारहोमांतला फ्रिज घरच्यासारखा नसतो. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही जात. तिच्यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही. मागच्या बाजूला गॅसची बारीक ज्योत अमोनिया विरघळलेलं पाणी तापवते. अमोनियाची वाफ वर चढते, निवून द्रव होते, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा तिची वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेते आणि शेवटी पाण्यात विरघळून उताराने खाली येते. वर ढकलायला ज्योत, खाली आणायला गुरुत्वाकर्षण, एवढाच सगळा कारभार. नळ्यांचा उतार कारखान्यातच ठरलेला असतो. गाडी फार कलली की द्रव मध्येच साचतो, खालच्या बॉयलरकडे परतत नाही आणि ज्योत मात्र जळतच राहते. कोरडा बॉयलर तापतो, गंज रोखण्यासाठी घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होतात आणि नळी तुंबते. ती तुंबली की फ्रिज भंगारात. साधारणपणे फ्रिजच्या डाव्या-उजव्या अंगाला 3 आणि पुढे-मागे 6 अंशांपर्यंतचा कल अशा फ्रिजला चालतो. गाडी धावत असताना मात्र हा त्रास नाही, कारण हिसक्यांनी द्रव सतत हलत राहतो. हल्ली बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज येऊ लागलेत, ते कललेल्या गाडीतही तक्रार करत नाहीत. आमच्या नशिबी जुनाच होता.

कल मोजायला गवंड्याची पाणसळ पुरते. फ्रिजच्या तळावर एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा पुढून मागे अशी ठेवायची. फोनमधलं ॲपही चालतं. त्याच्या पोटातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार स्प्रिंगवर टांगलेला असतो, तो कुठे झुकतो यावरून खाली कुठे आहे हे फोनला कळतं. आपल्या कानातही अशीच सोय आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, डोकं कललं की ते सरकतात. पण फोन असो की पाणसळ, एकदा वाचून तिथेच उलट टोकाने फिरवून पुन्हा वाचायचं. दोन्ही वेळा बुडबुडा गाडीच्या एकाच बाजूला गेला तर जमीन कललेली, दिशा बदलली तर पाणसळच खोटी. आमच्या फोनचं कव्हर मागून फुगलेलं होतं, त्यामुळे आधी मी अर्धा तास भलत्याच बाजूला खपलो.

आता खर्चाचं बोलू. बटण दाबलं की गाडी आपोआप सपाट करणारे हायड्रॉलिक पाय मिळतात, पण ते बसवायला काही हजार डॉलर मोजावे लागतात. आमचं काम लाकडाच्या वखारीतल्या एका लांब फळीत झालं. अमेरिकेत जिला दोन बाय सहा म्हणतात ती फळी मोजली तर दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद भरते, म्हणजे जाडी 3.8 सेंटिमीटर. आमच्या गाडीची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून सुमारे 1.9 मीटरवर. तेवढ्या रुंदीवर एक अंशाचा कल म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरचा फरक. म्हणजे सखल बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांखाली एकेक फळी घातली की एक अंशाहून थोडं जास्तच वसूल. लांबीच्या दिशेला मात्र तीच फळी अर्ध्या अंशापर्यंतही पोचत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळजवळ पाच मीटरचं अंतर. म्हणून जागा निवडतानाच गाडी अशी फिरवायची की मोठा उतार आडव्या अंगाला येईल. याला एक पैसा लागत नाही.

फळ्या रचायच्या त्या पायऱ्यांसारख्या, सगळ्यात लांब तळाला, आणि टोकं तिरकी कापलेली, म्हणजे चाक सहज चढतं. टायर पूर्णपणे फळीवर बसला पाहिजे, एक फळी अरुंद पडली तर शेजारी दुसरी ठेवायची; काठ बाहेर लोंबकळला की आतल्या तारांवर वाकडा ताण येतो. मागे जोडचाकं असतील तर दोन्हींखाली आधार हवा, नाहीतर सगळा भार एकाच टायरवर. एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळेही दुकानात मिळतात, हलके आणि न कुजणारे, पण फळीपेक्षा त्यांचं काम काही वेगळं नाही. शेजारच्या एका आजोबांनी तर उलटंच केलं. फावडं घेऊन उंच बाजूच्या चाकासमोर दोन बोटं खोल उतरता खड्डा काढला आणि गाडी त्यात हलकेच उतरवली. निघताना खड्डा बुजवला की झालं.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते. जॅक लावून मागची चाकं अधांतरी करायची नाहीत. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच धरतो, आणि जमिनीला न टेकलेलं चाक कितीही घट्ट धरलं तरी गाडी अडत नाही, कारण घर्षणाला भारच उरत नाही. घाटात ट्रकचा क्लीनर चाकामागे दगड टाकतो, तसे दोन्ही बाजूंनी पाचर लावल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही.

इथवर गाडी सपाट झाली, पण स्थिर झाली नाही, आणि लोक हीच दोन कामं एक समजतात. फळीवर चढलेली गाडी अजून स्प्रिंगांवरच बसलेली असते. तिचं अंग स्वतःच्या लयीत सेकंदाला साधारण एक-दोनदा डुलतं. माणूस चालतो तेही सेकंदाला सुमारे दोन पावलं. झोका येईल तसा धक्का दिला की तो चढत जातो, तसंच आई संडासाकडे निघाली की आम्ही सगळे बोटीत. मागच्या आसाच्या पलीकडे दीड-दोन मीटर लोंबणाऱ्या भागात आमचा पलंग, तिथे कुणी कूस बदलली तरी पुढे झोपलेल्याला कळायचं.

यावर उपाय म्हणजे कात्रीसारखे उघडणारे दोन जॅक, मागच्या दोन कोपऱ्यांत, लोखंडी चौकटीखाली. त्यांनी गाडी उचलायची नाही, फक्त टेकवून अर्धा फेरा घट्ट करायचा. स्प्रिंगला कडक सोबती मिळाला की गाडीची लय पावलांपेक्षा वेगवान होते आणि झोका चढत नाही. जॅक फार लांब उघडू नये, उंच उभा जॅक स्वतःच डुलतो, त्यापेक्षा खाली ठोकळा ठेवून तो आखूड ठेवावा. ठोकळ्याचा दुसराही फायदा आहे. जॅकचा पाय दीडशे चौरस सेंटिमीटरचा आणि भार पाचशे किलो धरला तर मातीवर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोंहून जास्त दाब. तोच तीस बाय तीसच्या जाड फळीवर ठेवला की अर्ध्या किलोवर येतो, आणि पाऊस पडला तरी पाय रुतत नाही. मागे दोन लावूनच इतका फरक पडला की पुढचे दोन लावायचा आळस केला. चारही लावणाऱ्यांना मात्र एक सांगणं. तिवई कुठेही ठेवा, डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं. चारही जॅक दणकून आवळले तर एखादा कोपरा जास्त उचलला जाऊन गाडीच्या अंगाला पीळ बसतो आणि दार लागेनासं होतं.

निघताना सगळं उलट्या क्रमाने. आधी जॅक वर, मग पाचर काढायची, मग सावकाश फळ्यांवरून खाली. आईने खिडकीतून मोजणी केली, तरी एक फळी क्वार्टझसाइटच्या वाळूत राहिलीच.