‘उद्या स्टेशनला या’ आणि ‘जागेवरून हलू नका’: पोलिसांचा खरा फोन आणि खोटा फोन

"सरकारकडून कधीच कुणाला फोन येत नाही" असा मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरत असतो ना, तो अर्धाच खरा आहे. येतो की फोन. मागच्या वर्षी माझ्या पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी पोलीस स्टेशनमधून आला होता, तोही हवालदार साहेबांच्या स्वतःच्या मोबाईलवरून, डीपीला कुणाच्या तरी बारशाचा फोटो, मागे गाड्यांचे हॉर्न, मी फ्रॉड समजून दोनदा कट केला आणि तिसऱ्यांदा उचलला तर साहेब जाम वैतागलेले. "उद्या अकराला स्टेशनला या, दोन फोटो, लाईट बिल, सगळ्याची झेरॉक्स आणा, ओरिजिनल पण आणा" एवढं बोलून ठेवून दिला. धड नावसुद्धा सांगितलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी माझ्या आत्याला फोन आला. डीपीला अशोकस्तंभ, बोलणं अदबशीर, प्रत्येक वाक्यात मॅडम, आधी स्वतःचं नाव, हुद्दा, बॅच नंबर, मग आयडी कार्डाचा फोटो, मग केस नंबर. तिचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे, सगळं बरोबर. म्हणजे दिसण्यावर आणि बोलण्यावर गेलं तर माझा खरा फोन खोटा वाटत होता आणि तिचा खोटा फोन शंभर टक्के खरा, आणि आम्ही दोघंही नेमके दिसण्यावरच गेलो.

म्हणून "आवाज कसा होता, नंबर कुठला होता, माहिती बरोबर होती का" या खुणांवर माझा आता काडीचा विश्वास नाही. नंबर +९१ ने सुरू होतो म्हणून तो भारतातूनच आलाय असं नाही, बाहेरून आलेला कॉल भारतीय नंबरचा मुखवटा घालून येऊ शकतो, ते अडवायला सरकारला २०२४ मध्ये वेगळी सिस्टीम बसवावी लागली. ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनीच सेव्ह केलेलं असतं. आणि आधार नंबर म्हणाल तर आपण तो लॉजपासून सिमकार्डवाल्यापर्यंत कुणाकुणाला झेरॉक्स करून दिलाय ते आठवा. तो कुणालातरी माहीत असणं यात विशेष काही राहिलेलंच नाही.

मग फरक कशावरून ओळखायचा? माझ्या मते फोन तुम्हाला कुठल्या दिशेने ढकलतोय त्यावरून. खरा फोन तुम्हाला ऑफिसकडे ओढतो, तिथे चार माणसं असतात, टेबल असतं, आवक-जावक रजिस्टर असतं. खोटा फोन तुम्हाला खोलीत कोंडतो. हवालदार म्हणाले "या". आत्याला सांगितलं गेलं "हलू नका".

मी तिच्याकडे सकाळी अकराच्या सुमारास गेलो होतो, सोसायटीच्या फॉर्मवर तिची सही हवी होती. बेल वाजवली, उघडेना. परत वाजवली. मग दार साखळीइतकं किलकिलं झालं आणि आतून तोंडावर बोट. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, स्क्रीनवर खाकीतला माणूस, मागे निळा पडदा आणि झेंडा. शेजारी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानाच्या मागच्या बाजूला आत्याचं मोत्यासारखं अक्षर (शाळेत तीस वर्षं शिकवलंय तिने), केस नंबर, कलमं, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं: "कोणालाही सांगायचे नाही". सकाळी आठपासून ती तिथे बसून होती, पाणी प्यायला उठायचं तरी विचारून. मी फोन उचलून कट केला तर आधी माझ्यावरच ओरडली, "अरे काय केलंस, आता अटक होईल ना!"

याला हे लोक ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, आणि असला प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. पण नुसतं "कायद्यात नाही" म्हणून भागत नाही, कारण समोर खाकी बसलेली असताना कायदा कुणाला आठवतो. त्यापेक्षा खऱ्या अटकेत काय होतं ते डोक्यात बसलेलं असलं की खोटी लगेच टोचते.

तर खरी अटक ही अगदी अंगाला हात लावायची गोष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (अटक, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या जुन्या कायद्याच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातही ते तसंच आहे, पोलीस प्रत्यक्ष येणार, त्यांच्या नावाची ओळख दिसली पाहिजे, अटकेचा मेमो लिहिणार, त्यावर घरच्या कुणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेणार, कशासाठी पकडलं ते सांगणार, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणार. अपवाद सोडले तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांचं काम आहे. परत वाचा. खऱ्या अटकेत घरच्यांना कळवायलाच लागतं. खोट्या अटकेतली पहिली अटच ही की घरच्यांना कळू द्यायचं नाही. दोन्हीकडे पोलीस, दोन्हीकडे केस, पण या एका मुद्द्यावर दोघं बरोबर उलट्या टोकाला.

ते उलट असणारच, कारण घरातला कुणीही, अगदी दहावीतला पोरगाही, त्या स्क्रीनकडे बघून दोन मिनिटांत म्हणेल की "आजी हे फेक आहे". बाहेरच्या माणसाला ती भीती लागलेली नसते ना. म्हणून ते "नॅशनल सिक्युरिटी", "गोपनीय तपास", "तुमच्या मुलालाही आरोपी करू" असलं सगळं लावतात, एका डोक्याला दुसरं डोकं मिळू नये एवढ्यासाठी. आणि यात फसणारे अडाणी असतात हा गैरसमज काढून टाका. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतीला असंच ऑनलाइन बसवून ठेवलं, त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी घेतली, सरन्यायाधीशांच्या नावाने माणूस बसवला, आणि ७ कोटी रुपये काढले.

बरं, अटक राहू दे, चौकशीचं काय? खरी चौकशी होऊ शकते, त्यात घाबरण्यासारखंही काही नसतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सहसा आधी हजर राहण्याची नोटीस येते, पूर्वी हिला ४१-अ ची नोटीस म्हणायचे, आता कलम ३५. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बायकांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना पोलिसांनी घरीच भेटायचं असतं. माझ्या काकांनी एका ॲक्सिडेंटमध्ये जखमीला उचललं होतं तेव्हा असेच एक पोलीस घरी आले होते, चहा घेतला, जबाब लिहिला, वाचून दाखवला, आणि नोटिशीवर काकांचं आडनाव चुकलेलं होतं ते पेनाने दुरुस्त करून बाजूला सही केली. खरं सरकार असं असतं, थोडं गबाळं. आत्याला व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘अरेस्ट वॉरंट’वर मात्र चार शिक्के, दोन बोधचिन्हं आणि लाल अक्षरं होती.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी नाहीतर मीही अर्धाच मेसेज फिरवणारा ठरेन. नव्या कायद्यात कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही पाठवता येतं, त्यामुळे "फोनवर आलं म्हणजे खोटंच" असा सरसकट नियम करू नका. कागद ज्याच्या नावाने आलाय त्याच्याकडे आपण स्वतःच्या रस्त्याने जाऊन विचारायचं, हा नियम. कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करून नाही, तो त्यांचाच असणार. गूगलवर पहिला दिसला त्या नंबरवरही नाही. सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जायचं किंवा ११२ लावायचा. कोर्टाची केस असेल तर ई-कोर्ट्सच्या साईटवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख नंबर) टाकून बघायचं. इन्कम टॅक्सचा कागद असेल तर त्यावर डीआयएन नावाचा नंबर असतो, ऑक्टोबर २०१९ पासून, आणि तो त्यांच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. कस्टम्सच्या कागदांवरही असाच असतो. साईट बघताना पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वर होतोय का ते बघा, मध्येच कुठेतरी ‘गव्ह’ लिहिलेलं असून उपयोग नाही.

आणि ते "तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार, ९ दाबा" वालं रेकॉर्डिंग, ट्रायच्या (मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नावाने येतं ते, त्यावर वेळ घालवू नका, ट्राय कुणालाही नंबर बंद करण्याबद्दल फोन किंवा मेसेज करत नाही असं त्यांनीच जाहीर केलंय. कट करा. कुरियरवाल्याने "थांबा, तुमचा कॉल सायबर पोलिसांना जोडून देतो" म्हटलं तरी तेच, कुरियर कंपनीकडून पोलिसांना कॉल ट्रान्सफर व्हायला ते काय बँकेचं कस्टमर केअर आहे का.

पैशांचा फरक तर दोन ओळींचा आहे. खरा दंड किंवा कर सरकारी पोर्टलवर चलन काढून भरला जातो, पावती निघते, टॅक्सची डिमांड आली तरी भरायला साधारण ३० दिवस मिळतात. खोट्यात पैसे जातात कुणाच्यातरी नावाच्या सेव्हिंग किंवा करंट खात्यात, "रिझर्व्ह बँकेचं गुप्त तपासणी खातं आहे, व्हेरिफाय होऊन अर्ध्या तासात परत येतील" असं सांगून. रिझर्व्ह बँक तुमच्या आमच्यासारख्यांचे पैसे तपासायला म्हणून खात्यात घेत नाही. आणि कुठलं सरकारी ऑफिस अर्ध्या तासात पैसे परत करतं हो? सरकारी काम अन् सहा महिने थांब हे आपण उगाच म्हणतो का.

प्रत्यक्षात काय करायचं, तर फोन चालू असताना खरं-खोटं करत बसायचंच नाही. वाद घालायचा नाही, हुशारी दाखवायची नाही, ते रोज हेच करतात आणि तुम्ही पहिल्यांदा करताय. "मी स्टेशनला येऊन भेटतो, कुठलं स्टेशन?" एवढं विचारा. खरा असेल तर पत्ता सांगेल, कदाचित वैतागून. खोटा असेल तर "येण्याची गरज नाही, व्हिडिओवरच होईल" किंवा "आत्ता लाईन सोडली तर टीम निघेल" असं काहीतरी येईल. उत्तर काहीही आलं तरी फोन ठेवायचा. ठेवल्यामुळे कुठलीही खरी केस वाढत नाही. मग घरातल्या एकाला तरी मोठ्याने सांगायचं, मोठ्याने सांगताना आपल्यालाच ते कसंतरी वाटायला लागतं.

मी फोन कट केल्यावर आत्याला घेऊन सरळ स्टेशनला गेलो, कारण तिला माझ्यापेक्षा त्या केस नंबरवर जास्त विश्वास होता. ड्युटीवरच्या मॅडमनी ते कालनिर्णयचं पान वाचलं आणि म्हणाल्या, "काकू, इथे आलेल्यांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत, तुम्हाला घरी कोण कशाला कोंडून ठेवेल?" तेव्हा कुठे ती जरा हसली, आणि मग सांगितलं की साडेनऊला तिने ९५ हजार पाठवले होते. मला घरी हे बोललीच नव्हती.

तिथूनच १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर पैसे गेल्याचं कळताक्षणी लावायचा, कारण पैसे एका खात्यात थांबत नाहीत, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे पुढे पळतात आणि जेवढे मागे सापडतील तेवढेच गोठवता येतात. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, बँकेत लेखी अर्ज. बँकेत आम्ही तो रिझर्व्ह बँकेचा नियम पुढे केला, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे आत्याने स्वतः पिन टाकून पाठवलेले. ते ऐकून ती बँकेतच रडली. नुसता फोन येऊन गेला, पैसे गेले नाहीत, तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवायला ‘चक्षू’ आहे, त्यावर तो नंबर टाकता येतो, ते मात्र पाच मिनिटांचं काम आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. आत्याला फोनवरचा माणूस ज्या सीबीआयचं नाव सांगत होता, तीच.

९५ मधले ६१ हजार एका खात्यात गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागली, त्यासाठी अर्ज, अर्जाला आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा "तीन प्रती आणायला सांगितल्या होत्या ना". सात महिन्यांनी खात्यात आले.