बंदूक खाली ठेवली तेव्हा

एकेकाळी अमेरिकेत नाताळच्या दिवशी लोक गट पाडून शिकारीला निघत. संध्याकाळी ज्यांच्याकडे मेलेल्या पशुपक्ष्यांचा ढीग मोठा, तो गट जिंकला. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली वेगळंच सुचवलं: त्याच दिवशी बाहेर पडा, पण पक्षी मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ जण तयार झाले. हिवाळ्यातल्या पक्षीगणनेची सुरुवात ती, आणि ती गणना आजही दरवर्षी होते.

त्याआधी पक्षी ओळखायचा म्हणजे तो हातात हवा, म्हणजेच मेलेला हवा, असंच अभ्यासकही मानत. १८९४ मध्ये झाइस कंपनीच्या प्रिझम-दुर्बिणी बाजारात आल्या आणि लांबूनच पंखावरचा पट्टा दिसू लागला. दुर्बिणीचं हे ऋण मला फार मोठं वाटतं.

पण दुर्बीण नसलेल्यांनीही हिवाळ्यात पक्षी पाहिलेच. १८९०च्या दशकातल्या कडाक्याच्या थंडीत कुरव पक्षी (सीगल) थेम्स नदीतून थेट लंडनच्या मध्यापर्यंत आले. कामावर निघालेली माणसं पुलांवर थांबून त्यांना पाव टाकू लागली. (पाव पक्ष्यांना मानवत नाही, हे नंतर कळलं.) गजबजलेल्या शहरात रानपक्षी इतक्या जवळून बघायला मिळाले, ते नदीमुळे.

याचं कारण साधं आहे. थंड प्रदेशात तळी गोठतात, वाहतं पाणी सहसा गोठत नाही. मग भुकेली बदकं नदीकाठ धरतात. दिवस लहान असल्यानं बरेच पक्षी दिवसभर चरत राहतात. पानगळीनं काठावरची झाडं उघडी पडलेली असतात. शिवाय विणीनंतर पिसं गाळून मादीसारखे मळकट झालेले बदकांचे नर हिवाळ्यापर्यंत पुन्हा रंगात येतात आणि जोडीदार शोधू लागतात. नदीकाठच्या उद्यानातल्या बाकावर बसून हा सगळा सोहळा पाहता येतो. माणसांच्या येण्याजाण्याला सरावलेले पक्षी तिथे चटकन उडतही नाहीत.

१९६७ पासून जानेवारीत पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना होते. आशियातली १९८७ मध्ये सुरू झाली. रामसर करारात, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, अशा जागांना जे महत्त्व मिळतं, त्यात अशा आकड्यांचा मोठा वाटा आहे: एखाद्या जागी नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. म्हणून दरवर्षी तोच काठ चालायचा, दिसेल ते मोजायचं आणि काहीच दिसलं नाही, तर शून्यही लिहायचं.