जीएसटी नोंदणी : अर्ज अडतो तो बहुधा जागेच्या कागदावर

जीएसटी क्रमांकाचा अर्ज नाकारला गेला की माणूस आधी पॅन, आधार आणि फोटो पुन्हा पुन्हा तपासतो. तिथे सहसा काहीच चुकलेलं नसतं. अर्ज अडतो तो व्यवसायाच्या जागेच्या कागदावर. नाहीतर अधिकाऱ्याची नोटीस येऊन पडलेली असते आणि ती कुणी उघडलेलीच नसते. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. बाकीचा फॉर्म पोर्टल आपल्याकडून भरून घेतंच.

आधी हे बघा की तुम्हाला नोंदणी लागते का. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. ४० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे, पण लोक तिच्यातला ‘फक्त’ वाचत नाहीत. मोबाइलच्या सुट्या भागांची विक्री २२ लाख आणि दुरुस्तीची मजुरी ३ लाख असेल, तर तुम्ही वस्तू आणि सेवा दोन्ही देता. मग मर्यादा २० लाखांची, आणि ती तुम्ही ओलांडलेली आहे. आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूजन्य माल बनवणाऱ्यांनाही ४० लाखांची सवलत नाही.

दुसरा गोंधळ उलाढाल आणि नफ्याचा. ‘हातात महिन्याला वीस हजार उरतात, मला कशाला जीएसटी?’ हा प्रश्न ठरलेला. उरतं किती हे इथे कुणी विचारत नाही, विकलं किती हे विचारतात. तेही एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांचं मिळून, देशभरातलं आणि करमुक्त माल धरून. किराणा दुकान आणि शेजारची झेरॉक्स एकाच माणसाच्या पॅनवर असेल तर बेरीज एकच.

उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते असे काही प्रकार आहेत. नवख्यांना सगळ्यात जास्त गाठतो तो परराज्यात माल विकण्याचा. घरी शिवलेल्या पिशव्यांची पहिली ऑर्डर बंगळुरूहून आली की मर्यादेचा हिशोब संपला, करपात्र माल असेल तर नोंदणी आधी. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे. परराज्यात सेवा देणाऱ्यालाही २० लाखांपर्यंत सूट आहे, त्यामुळे घरी बसून दिल्लीच्या ग्राहकासाठी डिझाइन करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून स्वतःच्या राज्यापुरती विक्री नोंदणीशिवाय करता येते. मात्र त्यासाठी पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

मुदतही लोक चुकीची धरतात. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. आर्थिक वर्ष संपल्यावर नाही, आणि ‘सीए मार्चमध्ये बघतील’ असंही नाही. डिसेंबरात ओलांडली तर जानेवारीत अर्ज गेलेला हवा. वेळेत केला तर नोंदणी मर्यादा ओलांडल्याच्या तारखेपासून लागू होते आणि त्याआधीच्या शिल्लक मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळू शकतं. उशीर केला तर नोंदणी मिळते त्या दिवसापासून, आणि मधल्या काळातला कर मात्र मानगुटीवर बसतोच.

अर्जासाठी सरकारी शुल्क शून्य आहे. कुणी ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर ती त्याची स्वतःची फी आहे. ती द्यायला हरकत नाही, पण पावतीवर तसं लिहून घ्या.

पहिल्या भागात पॅन, मोबाइल आणि ईमेल टाकून ओटीपी दिला की तात्पुरता क्रमांक, म्हणजे टीआरएन मिळतो. तो १५ दिवस चालतो आणि तेवढ्यात दुसरा भाग भरायचा. इथे एक कळकळीची विनंती : मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. अर्ज भरून देणारा सवयीने स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपीसाठी तुम्हाला फोन करण्याचा त्याला कंटाळा येतो. पुढे सगळ्या नोटिसा त्याच्याकडे जातात. त्याच्याशी बिनसलं, त्याने नंबर बदलला किंवा तो गावाला गेला, की तुमच्या धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

दुसऱ्या भागात मालकाचा तपशील, मालाचे कोड, जागा आणि आधार पडताळणी. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का ते आधीच पाहून ठेवा. काही अर्जदारांना, पोर्टलच्या जोखीम तपासणीनुसार, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जीएसटी सुविधा केंद्रात बोलावतात. ईमेलवर आलेल्या दुव्यावरून वेळ घ्यायची आणि मूळ कागद सोबत न्यायचे. ही पडताळणी १५ दिवसांत झाली नाही तर अर्जाचा पोचक्रमांक, म्हणजे एआरएन, तयारच होत नाही. ‘अर्ज करून महिना झाला, काहीच कळवत नाहीत’ म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो : एआरएन आला का? नसेल, तर सरकारच्या लेखी तुम्ही अर्ज केलेलाच नाही.

आता जागेचा कागद.

जागा तुमच्याच नावावर असेल तर मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल, पाणीबिल किंवा खरेदीखत यांपैकी एक पुरतो. गावात घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. कागदावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता मात्र जुळला पाहिजे. बिलावर ‘घर क्र. ११२’ आणि अर्जात ‘साईकृपा, मारुती मंदिरामागे’ असं असेल, तर अधिकाऱ्याला ती दोन घरं वाटली म्हणून त्याला दोष देता येत नाही.

भाड्याच्या जागेला भाडेकरार आणि मालकाच्या मालकीचा एक कागद, असे दोन्ही लागतात. करार सगळे जोडतात, मालकाचं बिल जोडायचं राहतं. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचं ओळखपत्रही जोडावं लागतं. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्याने बंधनकारकच आहे, तरी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून वर्षानुवर्षं भागवणारे मालक गल्लोगल्ली आहेत. त्यातला एखादा म्हणतो, ‘बिल देणार नाही, उगाच माझ्यामागे इन्कमटॅक्स लागेल.’ अशा मालकाशी बोलणी गाळा ताब्यात घेण्याआधी करा, अनामत रक्कम दिल्यावर नाही. करारच नसेल पण वीजबिल तुमच्या नावावर येत असेल, तर करार उपलब्ध नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि ताब्याचा पुरावा म्हणून ते बिल, अशी वाट आहे. ती फार कमी लोकांना माहीत असते.

घर वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर भाडेकराराचं नाटक करू नका. साध्या कागदावर त्यांचं संमतीपत्र (‘माझ्या मालकीच्या या पत्त्यावर अमुक व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही’), त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा कागद पुरतो. जागेचा प्रकार निवडताना ‘स्वतःची’ न टिपता ‘संमतीने’ टिपा. हा पर्याय चुकला की कागद बरोबर असूनही नोटीस येते.

सगळ्यात अवघड प्रकरण कैलासवासी मालकांचं. माणूस जाऊन बारा वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येतं, भरलं जातं आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते इथे, कारण गेलेला माणूस संमती देऊ शकत नाही. आजोबांची सही आपणच ठोकण्याचा मोह होतो, पण तो शुद्ध खोटा दस्तऐवज आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव लावण्याचा अर्ज द्या आणि वीजबिलाचंही नाव बदलून घ्या. वेळ जातो. भावंडांत वाद असेल तर फारच जातो. तेवढं थांबणं शक्य नसेल तर नोंदणीसाठी दुसरी, कागद स्वच्छ असलेली जागा बघणं शहाणपणाचं. पण धंदा खरंच तिथून चालला पाहिजे, कारण अधिकारी जागेवर येऊन फोटो काढू शकतो.

अर्ज गेल्यावर सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांत निर्णय होतो. जागेची प्रत्यक्ष पाहणी लागली किंवा तुम्ही आधार पडताळणी करायला नकार दिला तर ३० दिवसांपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान व्यावसायिकांसाठी आणखी जलद पर्याय आला. नोंदणीकृत, म्हणजे जीएसटी क्रमांक असलेल्या ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर आधार पडताळणीनंतर ३ कामाच्या दिवसांत क्रमांक.

मधे शंका आली की अधिकारी आरईजी-०३ ही नोटीस काढतो. उत्तराला ७ कामाचे दिवस असतात. नोटीस पोर्टलवर येते, ईमेल येतो आणि जाहिरातींच्या ढिगात गडप होतो. पोस्टमन दारात येत नाही. त्यामुळे अर्ज केल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा लॉगइन करून बघाच. उत्तर आरईजी-०४ या फॉर्ममध्ये द्यायचं. विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लिहा आणि कागद जोडा. ‘सर्व कागदपत्रे जोडली आहेत, कृपया मंजूर करावे’ एवढंच लिहून पाठवलेली उत्तरं मी बरीच पाहिली आहेत. त्यानंतर आलेले नकारही.

कधीकधी मागणीच वेडीवाकडी असते. राहता नागपुरात मग दुकान पुण्यात का, एवढ्याशा खोलीत हा धंदा कसा होईल, मालकाचं पॅन आणा, मालकाचा फोटो आणा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या ०३/२०२५ क्रमांकाच्या सूचनेत अधिकाऱ्यांना असले तर्काचे प्रश्न विचारायला आणि यादीबाहेरचे कागद मागायला मनाई केली आहे. अर्ज कधी केंद्राच्या अधिकाऱ्याकडे जातो, कधी राज्याच्या. ती सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी असली तरी फॉर्ममधली कागदांची यादी दोघांना एकच आहे. उत्तरात सूचनेचा क्रमांक आणि तारीख शांतपणे लिहा. भांडू नका, पण लिहा. वर्षानुवर्षं एका टेबलावर वेगळे आणि दुसऱ्या टेबलावर वेगळे कागद मागितले जात होते म्हणूनच मंडळाला हे लेखी द्यावं लागलं.

अर्ज नाकारला तर आदेशात कारण असतं. ते वाचून, दुरुस्त करून नवा अर्ज करता येतो. तोच अर्ज त्याच कागदांनिशी पुन्हा टाकण्यात अर्थ नाही.

क्रमांक मिळाल्यावर ३० दिवसांत, किंवा पहिलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बँक खात्याचा तपशील द्यायचा. नाही दिला तर नोंदणी निलंबित होऊ शकते. दुकानाच्या पाटीवर क्रमांक आणि आत दर्शनी भागात प्रमाणपत्र लावायचं.

आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं. ‘अजून धंदा सुरूच नाही’ म्हणून सोडून दिलेल्या शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. दीड वर्षाने कुणी बघायला जातं तेव्हा हजारोंची रक्कम दिसते, शिवाय सलग सहा महिने न भरल्यावर अधिकारी नोंदणी रद्द करू शकतो. तिमाही रिटर्नचा पर्याय आहे, शून्य रिटर्न एसएमएसनेही जातं. धंदा जमलाच नाही तर क्रमांक तसाच सोडू नका, आरईजी-१६ भरून रद्द करा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न असतं. त्याची आठवण तुमच्या सीएने नाही केली तर तुम्ही करून द्या.