टायमिंग बेल्ट बदलणे (जुनी गाडी)

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा) आणि वरचा कॅम (हवा-धुराचे व्हॉल्व उघडणारा दांडा) यांचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा, आणि जुन्या गाडीत तो वेळेवर काढून नवा बसवणे हे मिस्त्रीच्या हातचं सगळ्यात नेमकं काम. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. विदर्भातल्या गावखेड्यात हे काम जास्त करून मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, झेन, सँट्रो आणि इंडिका डिझेलवर निघते.

या पट्ट्याचा उगम मोटारीतला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीत शिलाई मशीनसाठी तो आधी तयार झाला असं साधारण मानतात, सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून. मोटारीत पहिला कोणी वापरला यावर दोन मतं आहेत. एक मत १९५४ च्या डेव्हिन-पॅनहार्ड या अमेरिकन रेसच्या गाडीला मान देते, तिच्यात गिल्मरचाच पट्टा होता, आणि दुसरं मत जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १००४ या मॉडेलला, जे १९६२ च्या सुमारास बाजारात आलं. रेससाठी हातानं जुळवलेली गाडी वेगळी आणि कारखान्यातून रोज निघणारी, सामान्य माणसानं चालवायची गाडी वेगळी, हे पाहता ग्लासचा दावा जास्त पटण्यासारखा आहे. १९६६ च्या आसपास अमेरिकेत पॉन्टियाकनं सहा सिलिंडरच्या इंजिनात आणि इटलीत फियाटनं ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या ट्विन कॅम इंजिनात बेल्ट घेतला आणि मग तो सगळीकडे पसरला. ग्लास कंपनी त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं विकत घेतली. आधीचे बेल्ट निओप्रीन रबराचे, पुढे जास्त उष्णता सोसणारं रबर आलं, पण आतल्या काचेच्या तंतूंच्या दोऱ्या आणि दात्यांवरचं नायलॉनचं कापड ही रचना तशीच राह्यली.

आपल्याकडे अँबेसिडर आणि पद्मिनीला बेल्टच्या जागी चेन होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात बेल्ट होता, आणि तालुक्याच्या मिस्त्रीला बेल्टची ओळख झाली ती बहुतेक याच गाडीमुळे. पुढे के सिरीज नावाची नवी इंजिनं आली तशी मारुती परत चेनवर गेली.

बेल्ट बदलायला कंपन्या साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर सांगतात, गाडीप्रमाणे फरक असते, आणि सोबत वर्षांची मुदतही बहुतेक पुस्तकात दिलेली असते जी कोणी वाचत नाही. गावच्या गाडीला ही वर्षांचीच मुदत महत्त्वाची, काहून की गाडी वर्षभर टिनाच्या शेडात उभी राह्यते, लग्नसराईत आणि कोणाला सेवाग्राम नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असलं की निघते. वर्षाला ५,००० किलोमीटर धरले तर ६०,००० व्हायला १२ वर्षं लागतात, आणि तेवढ्यात रबर कडक होऊन दात्यांच्या बुडाशी चिरा पडून गेलेल्या असतात. त्यात चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बॉनेटखाली त्याहून किती जास्त. खालचं प्लास्टिक कव्हर फुटलं असलं आणि मिस्त्रीनं तसंच सोडलं की काळ्या मातीची धूळ, गिट्टीचा खडा थेट बेल्टवर. पण सगळ्यात वाईट म्हणजे तेल. कॅमचा किंवा क्रँकचा सील (तेल अडवणारी रबरी कडी) गळत असला की नवा बेल्टही लवकर फुगून जाते, म्हणून बेल्टसोबत सील आणि टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाची) बेरिंगही बदलावी, आणि ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच कव्हरमागे आहे तिथे तोही पाहून घ्यावा, नाहीतर महिनाभरानं पुन्हा सगळं खोला.

कामाची रीत सगळ्या मिस्त्रींना माहीत आहे, बॅटरीची वायर काढणे, उजवं चाक, फॅन बेल्ट, क्रँक पुली, कव्हर. खरा मुद्दा मार्क, म्हणजे क्रँक आणि कॅमच्या खुणा, मिळवण्याचा. बरेच मिस्त्री जुन्या बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर व्हाइटनरच्या खुणा करतात, मधले दाते मोजतात आणि तेवढेच मोजून नव्या बेल्टवर खुणा उतरवतात. काम झटपट होते खरं, पण आधीच्या माणसानं एक दाता चुकवला असला तर ती चूकही जशीच्या तशी उतरते आणि गाडी ओढत नाही म्हणून मग लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. समजा क्रँकच्या पुलीला २० दाते आहेत, तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि एवढ्यात इंजिनची ताकद जाते. म्हणून इंजिनवर कंपनीनं दिलेले मार्कच धरावे. मारुतीच्या जुन्या इंजिनात क्रँक पुलीची खूण ऑइल पंपाच्या बाणासमोर येते, कॅमची वरच्या खाचेसमोर. प्लग काढून ठेवले की क्रँक हातानं सहज फिरते. बेल्ट चढवून टेन्शनर स्प्रिंगवर मोकळा सोडायचा, गोटी पान्यानं क्रँक तिच्या नेहमीच्या दिशेनं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, मग टेन्शनरचा बोल्ट कसायचा आणि दोन्ही मार्क पुन्हा पाहायचे. एकच फेरा दिला तर कॅम अर्ध्यावरच असते, मार्क जुळूच शकत नाही. फिरवताना कुठं अडकलं तर जोर लावू नये, तिथं व्हॉल्व पिस्टनला टेकत असू शकते.

चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर इंजिन एकदम बंद पडते आणि सेल्फ मारला की नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरते. कार्ब्युरेटरच्या मारुतीत, ओम्नीत खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून दुसऱ्याला सेल्फ मारायला लावणे. डिस्ट्रिब्युटर कॅमवर चालतो, आतला रोटर जागचा हलला नाही म्हणजे बेल्ट गेला. त्यानंतर सेल्फ मारत राहू नये. धक्का तर अजिबातच मारू नये.

बेल्ट तुटल्यावर पिस्टन आदळून व्हॉल्व वाकतात की नाही यावर मिस्त्री लोकात जुना वाद आहे. डिझेलमध्ये वाद नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) जास्त, जागा कमी, इंडिकाचा बेल्ट तुटला की हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्वचा भाग) खोलायची तयारी ठेवावी लागते. पेट्रोलमध्ये ते इंजिनच्या बनावटीवर आहे, काहींत पिस्टन आणि व्हॉल्वची गाठ पडतच नाही. म्हणून पेट्रोल गाडीचं हेड लगेच उतरवण्यापेक्षा आधी नवा बेल्ट टाकून, मार्क मिळवून, क्रँक हातानं फिरवून कॉम्प्रेशन पाहणं हे मत जास्त शहाणपणाचं वाटते, गरीब मालकाचा खर्च वाचते. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा खूप कमी आलं तरच हेड खोलावं.

चांगले मिस्त्री काम झाल्यावर कव्हरवर पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. सेकंडहँड गाडी घेताना हे लिहिलेलं दिसलं नाही आणि मालकापाशी बिलही नसलं तर बेल्ट जुनाच धरतात आणि त्याचा खर्च सौद्यातून कापून घेतात.