सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड: इंदूरच्या मराठी घरांनी आधी नावे जुळवून घ्यावीत

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आईवडील इथे दोघेच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीला पडल्यामुळे दाखल करावे लागले. कार्ड काढायचे राहून गेले होते. कपाटातून कागद शोधताना रात्र गेली आणि पैसे आम्हीच भरले. कार्ड आधीच काढून ठेवले असते तर ती रात्र तिच्या उशाशी बसून गेली असती.

आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत मिळतात. मध्य प्रदेशात रेशनची पात्रता पर्ची किंवा असंघटित कामगारांचे संबल कार्ड असलेली कुटुंबे तिच्यात येतात. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवूनच टाकले होते. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता याच योजनेचे वय वंदना कार्ड मिळते. पेन्शन किती, घर स्वतःचे की भाड्याचे, हे कोणी विचारत नाही. आजी आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठीचे ५ लाख वेगळे. ते घरातल्या तरुणांच्या उपचारात खर्च होत नाहीत.

खासगी पॉलिसी किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असले तरी हे कार्ड काढता येते. सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले निवृत्त फौजी (महूकडे अशी घरे बरीच) यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. निवडण्यापूर्वी हिशेब करा: आयुष्मानमध्ये ओपीडी आणि रोजची औषधे मिळत नाहीत. ज्यांची महिन्याची औषधे सीजीएचएसमधून येतात, त्यांनी ते सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्जाला आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. वय आधारवरचेच धरतात. शाळेच्या दाखल्यावरचे चालत नाही. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब नोंदणी क्रमांकही जवळ असू द्या, आपल्या राज्यात तो कुठेही विचारतात. कुटुंबाचा क्रमांक ८ अंकी, व्यक्तीचा ९ अंकी. अर्ज आयुष्मान अ‍ॅपवरून घरबसल्या करता येतो, नाहीतर सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामांचे सेवा केंद्र) किंवा योजनेशी संलग्न रुग्णालयात मदतीला नेमलेल्या आयुष्मान मित्राकडे जा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, ओटीपीने किंवा बोटांच्या ठशांनी होते. जन्मभर भांडी-धुणी केलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागा. कार्डाला शुल्क नाही. अडले तर १४५५५ वर फोन करा.

आपल्या लोकांचे काम अडते ते नावावर. माहेरची कुसुम लग्नात वैजयंती झाली. शाळेचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या, बँकेचे पासबुक तिसऱ्याच. आपण नावात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लावतो, इथल्या हिंदी अर्जात ते कधी गळते, कधी आडनावाला चिकटते. हिंदीत नेहमीच्या वापरात ळ नाही, म्हणून काळेंचे ‘काले’ होतात. उपाय एकच: आधारवरचे नाव पक्के धरायचे आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. समग्रची ई-केवायसी एमपी ऑनलाइन कियॉस्कवर किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयात करून घ्या. आधारवरचे नावच चुकीचे असेल तर ते आधी दुरुस्त करा, पण जपून: आधारवर नाव दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच.

दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाला नेमका प्रश्न विचारा: ‘या आजारासाठी तुम्ही योजनेत आहात का?’ एखादे रुग्णालय हाडांच्या उपचारांसाठी संलग्न असते, हृदयासाठी नसते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस, एवढ्या काळातल्या तपासण्या आणि औषधे पॅकेजात धरलेली असतात. जुना मधुमेह, जुना रक्तदाब पहिल्या दिवसापासून चालतो. कार्ड इंदूरचे असले तरी पुण्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालते, हे मुलांना सांगून ठेवा.

घरातल्या सत्तरीखालच्यांची पॉलिसी असेल तर तिच्या अर्जात रक्तदाब, साखर लपवू नका. आधीच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबायला लावू शकते. लपवलेला आजार पुढे निघाला तर दावाच नाकारला जाऊ शकतो. फाइल एकच ठेवा: पॉलिसीची प्रत, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, मूळ चिठ्ठ्या, सगळे रिपोर्ट तारखेनुसार. १४ अंकी आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदींचे डिजिटल खाते) काढला की रिपोर्ट मोबाइलवरही जोडून ठेवता येतात. आभा वेगळे आणि आयुष्मान कार्ड वेगळे. आभाने उपचार मोफत होत नाहीत.

त्या फाइलीत आजारपणाआधीचेही कागद असावेत. तिशीनंतर रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बायका ती सतत पुढे ढकलतात. सुनेने सासूला सोबत घेऊन जावे. आणि शेव. आपण इंदूरकर पोह्यांवर शेव घालतो, वरणभातासोबतही घेतो. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमचाभराच्या आत हवे, आणि शेव, पापड, लोणच्यातले मीठही त्यातच मोजायचे. रक्तदाब मोजाल तेव्हा आकडा तारखेसह लिहा. पुढच्या वेळी डॉक्टर सर्वात आधी तोच विचारतात.