एव्हरेस्टपेक्षा ‘दूरचं’ शिखर

जगातलं सर्वात उंच शिखर कोणतं, असं विचारलं की सगळी मुलं एका सुरात ‘एव्हरेस्ट’ म्हणतात. उत्तर बरोबर आहे. पण ही उंची मोजली कुठून, हे क्वचितच कुणी विचारतं. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटांवरचा मौना केआ पुढे जातो. त्याचा निम्म्याहून जास्त भाग पाण्याखाली आहे आणि तळापासून माथ्यापर्यंत तो १०,००० मीटरहून अधिक भरतो. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं, तर पहिला नंबर इक्वेडोरमधल्या चिंबोराझो ज्वालामुखीचा! समुद्रसपाटीपासून तो ६,२६३ मीटरच आहे, तरी त्याचा माथा केंद्रापासून सुमारे ६,३८४.४ किलोमीटरवर आहे. एव्हरेस्टचा ६,३८२.३ वर.

चिंबोराझो विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे आणि पृथ्वी नेमकी तिथेच फुगलेली आहे. केंद्रापासून ध्रुव ६,३५७ किलोमीटरवर, तर विषुववृत्त ६,३७८ वर. एव्हरेस्ट उचलून उत्तर ध्रुवावर ठेवला, तर विषुववृत्तावरचा साधा समुद्रकिनारासुद्धा त्याच्या शिखरापेक्षा केंद्रापासून १२ किलोमीटरने दूर असेल.

हा फुगवटा कुणी डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी एका घड्याळाने त्याची चाहूल दिली होती. १६७२ साली ज्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक रेंगाळतो याचा अर्थ तिथे खालची ओढ कमी आहे.

न्यूटनने १६८७ मध्ये यावर जो विचार मांडला, तो मला विज्ञानातल्या सर्वात देखण्या विचारांपैकी एक वाटतो. समजा, ध्रुवापासून केंद्रापर्यंत एक विहीर खणली, विषुववृत्तापासून केंद्रापर्यंत दुसरी, आणि दोन्ही पाण्याने भरल्या. तळाशी त्या एकमेकींना मिळतात. पाणी स्थिर राहायचं असेल तर दोन्हींचा केंद्रावरचा दाब सारखा हवा. पण विषुववृत्तावरची प्रत्येक वस्तू पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते. तिला सरळ रेषेत निसटू न देता गोल वळवत ठेवण्यात गुरुत्वाकर्षणाचा साधारण २९० वा हिस्सा खर्च होतो. म्हणून विषुववृत्ताकडच्या विहिरीतलं पाणी तेवढं हलकं ठरतं. दाब जुळायचा तर ती विहीर अधिक खोल हवी, म्हणजेच पृथ्वी तिथे जाड हवी. शिवाय आकार बदलला की गुरुत्वाकर्षणही बदलतं आणि फुगवटा आणखी वाढतो. हे सगळं धरून न्यूटनचं उत्तर आलं: त्रिज्येचा २३० वा भाग. प्रत्यक्षात तो २९८ वा आहे. न्यूटनने पृथ्वी आतून एकसारख्या घनतेची मानली होती; खरं तर तिचं बरंचसं वजन मधल्या लोखंडी गाभ्यात एकवटलेलं आहे आणि त्यामुळे फुगवटा कमी राहतो.

फ्रेंच पथकांनी १७३५ मध्ये आजच्या इक्वेडोरकडे आणि १७३६ मध्ये युरोपच्या उत्तर टोकाकडच्या लॅपलँडला जाऊन रेखावृत्ताच्या एका अंशाची लांबी मोजली. लॅपलँडचा अंश लांब निघाला. पृष्ठभाग जिथे चपटा, तिथे तो हळूहळू वळतो, म्हणून एक अंश भरायला जास्त अंतर जावं लागतं. म्हणजे ध्रुवांकडे पृथ्वी चपटी आहे, न्यूटन बरोबर होता.

त्याच इक्वेडोरमध्ये आज पर्यटकांना एक खेळ दाखवतात: विषुववृत्ताच्या अलीकडे भांड्यातलं पाणी एका दिशेने गरगरत उतरतं, चार पावलं पलीकडे उलट दिशेने. यावर मुळीच विश्वास ठेवू नका. परिवलनाचा परिणाम चक्रीवादळांवर जरूर होतो, पण छोट्या भांड्यात तो नगण्य असतो. तिथली दिशा पाणी ओतणाऱ्याच्या हातात असते.

खरा चमत्कार हवा असेल तर मिसिसिपी नदी बघा. ती उत्तरेकडून दक्षिणेला, विषुववृत्ताच्या दिशेने वाहते. त्यामुळे तिचं मुख उगमापेक्षा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६ किलोमीटर जास्त दूर आहे! तरीही ती उताराकडेच वाहते. कारण फिरत्या पृथ्वीवर पाण्याची ‘खालची’ दिशा अगदी केंद्राकडे नसते. गुरुत्वाकर्षण आणि परिवलन यांची बेरीज ती ठरवते. समुद्राचा पृष्ठभाग या दिशेशी सगळीकडे काटकोन करतो, आणि मिसिसिपीचा उगम त्या पृष्ठभागापेक्षा वर आहे.