सिड मेटल

कमोडोर ६४ या घरगुती संगणकातील सिड ही ध्वनिचिप आणि हेवी मेटलची डिस्टॉर्शन लावलेली गिटार यांच्या मेळातून घडलेली संगीतशैली. हे नाव स्वीडनमधील लुलेओच्या माकिनाए सुप्रीमसी या बँडशी जोडले गेले आहे. बँडची स्थापना २००० साली झाली. ‘डेउस एक्स माकिनाए’ हा पहिला अल्बम २००४ मध्ये आला.

बॉब यानेस यांनी रचलेल्या सिडमध्ये तीनच स्वरवाहिन्या आहेत. प्रत्येकीला त्रिकोणी, करवती, स्पंद आणि गोंगाट असे चार तरंग मिळतात आणि तिन्हींसाठी फिल्टर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्या गाळणारा भाग, एकच. एका वाहिनीवर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, वाजत नाही, म्हणून सा-ग-प हे स्वर दर १/५० सेकंदाला बदलत फिरवतात. त्यातून येणारी थरथर हीच या शैलीची खूण.

खरी अडचण वेळेची आहे. स्वराच्या आवाजाचा चढ-उतार म्हणजे एन्व्हलप. चिपच्या एन्व्हलप-गणकात मूळचा दोष असल्याने काही स्वर सुमारे ३३ मिलिसेकंद उशिरा उमटतात. संथ चालीत हे खपून जाते. पण २०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला २०० ठोक्यांना, पाव ठोक्याचा स्वर जेमतेम ७५ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा सिड दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या डबल-बेस ड्रमच्या मागे पडल्याचे लगेच कळते. यावर उपाय म्हणजे पुढच्या स्वराआधी दोन फ्रेम (एक फ्रेम १/५० सेकंदाची), म्हणजे ४० मिलिसेकंद, एन्व्हलप शून्यावर आणणे. मात्र त्यात स्वराचा अर्ध्याहून अधिक वेळ जातो, म्हणून वेगवान ताना दोन वाहिन्यांवर आलटून-पालटून वाटाव्या लागतात.

मिश्रणात स्पंदतरंग आणि गिटार मध्यम कंपनसंख्यांच्या एकाच पट्टीसाठी भांडतात. सिडला मोनो आउटपुट एकच. त्यामुळे गिटार दोनदा ध्वनिमुद्रित करून डाव्या-उजव्या बाजूंना टाकणे आणि सिड मध्यभागी ठेवणे सोयीचे. मध्यभागी गायकही असतो, म्हणून गाण्याच्या ओळींखाली सिडची धून विरळ ठेवावी.

बँडने एलेक्ट्रॉन कंपनीचा सिडस्टेशन हा सिंथेसायझर वापरला. त्यात खरी सिड चिप असून तो मिडी या वाद्ये जोडणाऱ्या संदेशप्रणालीवर चालतो. सिडच्या जुन्या ६५८१ या आवृत्तीचा फिल्टर नगागणिक वेगळा असतो. एका नगावर जमवलेला आवाज दुसऱ्यावर दबका किंवा कर्कश निघतो, तेव्हा अल्बम पुरा होईपर्यंत चिप बदलू नये. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, नंतरच्या ८५८० ला ९. सॉकेट दोन्हींना बसते, पण फिल्टरचे कपॅसिटरही निराळे लागतात. व्होल्टेज न पाहता ८५८० बसवली, तर ती जळण्याची भीती असते, आणि या चिपचे उत्पादन केव्हाच थांबले आहे.